डिफरन्शियल ॲनालॉग इनपुटला तीन वायरचा सेन्सर: मायनस टर्मिनलची वायर नेमकी कुठे जोडावी?

शिरोली_देखभाल

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी विद्युत देखभालीचे काम पाहतो. इंडक्शन भट्टीच्या कूलिंग पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी आम्ही पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरला) आठ चॅनेलचे ॲनालॉग इनपुट मॉड्यूल जोडले आहे. पाण्याचा दाब उतरला आणि ते वेळेवर कळले नाही, तर कॉइलचे काय होते हे फाउंड्रीतल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे या रीडिंगवर आधी अलार्म आणि पुढे भट्टीचा पुरवठा तोडणारा इंटरलॉक ठेवायचा आहे. पण नेमके तेच रीडिंग भरवशाचे येत नाही.

रचना अशी आहे. पंपघर पॅनेलपासून केबलच्या मार्गाने ६० मीटरवर आहे. तिथे दाबाचा तीन वायरचा सेन्सर बसवला आहे: २४ व्होल्ट, शून्य व्होल्ट आणि सिग्नल, ० ते १० बार दाबासाठी ० ते १० व्होल्ट. शेजारच्या आपत्कालीन टाकीवर पातळीचा सेन्सरही त्याच प्रकारचा आहे. पॅनेलमधून १ चौरस मिलिमीटरच्या दोन कोअरने २४ व्होल्टचा पुरवठा पंपघरातील जंक्शन बॉक्सपर्यंत जातो आणि त्यावरच हे दोन्ही सेन्सर तसेच टाकीत पाणी सोडणारे दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह चालतात. सिग्नलसाठी चार कोअरची, १ चौरस मिलिमीटरचीच, शील्ड (गोंगाट रोखणारे धातूचे वेष्टन) असलेली वेगळी केबल आहे; तिचे दोन कोअर वापरात आहेत आणि दोन रिकामे आहेत. याशिवाय परतीच्या पाण्याच्या तापमानासाठी दोन वायरचा ४ ते २० मिलिॲम्पिअरचा, म्हणजे रीडिंग प्रवाहाच्या रूपात पाठवणारा, ट्रान्समीटर आहे.

मॉड्यूलच्या प्रत्येक चॅनेलला प्लस आणि मायनस असे दोन टर्मिनल आहेत (डिफरन्शियल इनपुट), आणि बाजूला ‘एम’ असे लिहिलेले एक सामाईक टर्मिनल आहे. सेन्सरला सिग्नलची एकच वायर असल्याने सुरुवातीला मी ती प्लसला जोडली आणि मायनस मोकळे ठेवले. तेव्हा रीडिंग ३ वरून ९ बारवर आपोआप जात होते आणि केबलला हात लावला तरी बदलत होते. नंतर मी सर्व मायनस एकत्र करून पॅनेलमधील शून्य व्होल्टच्या बसबारला (सामाईक पट्टीला) छोट्या वायरीने जंपर केले. रीडिंग स्थिर झाले, परंतु दोन अडचणी उरल्या. पाइपवरील काट्याचा गेज ३.२ बार दाखवत असताना एक व्हॉल्व्ह उघडला की पडद्यावर ३.७ येतात, आणि दोन्ही उघडले की जवळपास ४.२. शिवाय भट्टी चालू असताना रीडिंग सतत ०.२ बार वर-खाली थरथरते.

सेन्सर मी बदलून पाहिला. फरक पडला नाही. एकाच सिग्नल वायरच्या सेन्सरला दोन टर्मिनलचे इनपुट देताना मायनसची वायर नेमकी कुठे न्यावी, शील्ड कुठे जोडावी आणि ‘एम’चे काय करावे, हे कृपया समजावून सांगावे.

---

उद्यमनगर_पॅनेल

साहेब, आपण आकडे दिलेत त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपला सेन्सर चांगला आहे, मॉड्यूलही चांगले आहे. दोष शून्य व्होल्टच्या वायरमध्ये आहे, आणि तो मोजून दाखवता येतो.

१ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १९ ते २० ओहम असतो. ६० मीटरला तो सुमारे १.१७ ओहम होतो. २४ व्होल्टच्या साधारण १० वॉटच्या सोलेनॉइड कॉइलला ०.४२ ॲम्पिअर लागतात. हा प्रवाह शून्य व्होल्टच्या वायरनेच पॅनेलकडे परत येतो, म्हणजे त्या वायरच्या दोन टोकांत ०.४२ गुणिले १.१७, सुमारे ०.४९ व्होल्टचा फरक पडतो. व्हॉल्व्ह उघडताच पंपघरातील ‘शून्य’ पॅनेलमधील ‘शून्या’पेक्षा अर्धा व्होल्ट वर उचलला जातो. सेन्सर आपला सिग्नल त्याच्या जवळच्या शून्यावर उभा राहून देतो आणि मॉड्यूल मात्र पॅनेलमधील शून्यापासून मोजते, म्हणून ३.२ मध्ये ०.४९ मिळून आपल्याला ३.७ दिसतात. दोन व्हॉल्व्ह उघडले की हीच चूक दुप्पट होते. आपल्या ४.२ चा हिशेब इथे तंतोतंत जुळतो.

डिफरन्शियल इनपुट याच अडचणीसाठी बनवलेले असते. त्याचे मायनस टर्मिनल म्हणजे अर्थिंगचे किंवा शून्याचे टर्मिनल नव्हे. तेही प्लसइतकेच मोजणारे टर्मिनल आहे. प्लसने सेन्सरचा सिग्नल पाहायचा आणि मायनसने सेन्सरचा शून्य पाहायचा, आणि मॉड्यूलने दोहोंतील फरक घ्यायचा. मायनस आपण पॅनेलमध्येच बसबारला बांधले की त्याला सेन्सरचा शून्य दिसतच नाही, आणि डिफरन्शियल इनपुटचे जास्तीचे पैसे मोजूनही आपण ते सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच वायरीचे व्होल्टेज सामाईक शून्यापासून मोजणारे, करून टाकतो.

आपल्या केबलमध्ये दोन कोअर रिकामे आहेत, त्यामुळे नवी केबल ओढण्याचीही गरज नाही. एक रिकामा कोअर दाबाच्या चॅनेलच्या मायनसपासून पंपघरात न्यावा आणि सेन्सरची शून्य व्होल्टची वायर जंक्शन बॉक्समध्ये जिथे येते त्याच टर्मिनलवर जोडावा. दुसरा कोअर तसाच पातळीच्या सेन्सरसाठी वापरावा. या वायरीतून मोजण्यापुरता नगण्य प्रवाह जातो, त्यामुळे तिच्यात व्होल्टेज पडत नाही आणि ती सेन्सरचा शून्य जसाच्या तसा पॅनेलपर्यंत आणते. व्हॉल्व्हचा प्रवाह जुन्याच वायरीने वाहत राहील, ०.४९ व्होल्ट पूर्वीसारखेच पडतील, पण ते प्लस आणि मायनस दोन्हीवर सारखेच चढलेले असल्याने वजाबाकीत निघून जातील.

काम करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. पंपघरात सेन्सरची सिग्नल वायर सोडवून तिथे मॉड्यूलकडे जाणारा कोअर सेन्सरच्या शून्य व्होल्टच्या टर्मिनलला जोडावा. आता पडद्यावर शून्य दिसले पाहिजे. व्हॉल्व्ह उघडून पाहावा. जे काही रीडिंग येईल त्यातला एकही मिलिव्होल्ट सेन्सरचा नसेल, तो सगळा वायरिंगचा असेल. सेन्सर बदलण्याचा खर्च या पाच मिनिटांच्या चाचणीने वाचतो; आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पॅनेलमध्ये मी तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आणखी एक गोष्ट काळजीने सांगतो. आपली चूक धोक्याच्या बाजूची आहे. खरा दाब २ बारवर आला आणि त्याच वेळी व्हॉल्व्ह उघडे असले, तर पडद्यावर ३ बार दिसतील आणि इंटरलॉक गप्प राहील. हे निस्तरेपर्यंत या रीडिंगवर भट्टी सोपवू नये.

---

गोकुळ_शिरगाव_ऑटोमेशन

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु सर्व मायनस एकत्र करणे ही सरसकट चूक आहे असे वाचणाऱ्यांनी समजू नये. सेन्सर पॅनेलच्या आतच किंवा दोन-तीन मीटरच्या अंतरात असतील, त्यांचा पुरवठा त्याच एसएमपीएसवरून (२४ व्होल्ट देणाऱ्या पुरवठा युनिटवरून) असेल आणि त्या शून्याच्या वायरवर व्हॉल्व्ह, रिले किंवा मोटार यांचा प्रवाह नसेल, तर मायनस बसबारला जोडल्याने मोजण्याजोगा फरक पडत नाही. सेन्सरचा स्वतःचा १५ मिलिॲम्पिअर प्रवाह ३ मीटर वायरीतून गेला तर जेमतेम १ मिलिव्होल्ट पडतो. अशा ठिकाणी प्रत्येक सेन्सरला वेगळी वायर ओढणे म्हणजे टर्मिनल आणि फेरूलचा (वायरीच्या टोकावरील नळीचा) खर्च वाढवणे.

आपल्या जागी मी आणखी वेगळे केले असते. व्हॉल्व्हचा २४ व्होल्ट पुरवठा सेन्सरच्या पुरवठ्यापासून तोडून त्याला स्वतंत्र दोन कोअर दिले असते. सेन्सरच्या वायरीत मग फक्त ३० मिलिॲम्पिअर उरतात आणि चूक ०.०४ व्होल्टच्या आत येते. सोलेनॉइड बंद होताना कॉइल जो व्होल्टेजचा उसळा मारते तोही सेन्सरच्या पुरवठ्यात येत नाही. निदान कॉइलला तो उसळा जिरवणारा फ्रीव्हीलिंग डायोड आहे की नाही ते तरी पाहावे.

आणि इंटरलॉकसाठी ० ते १० व्होल्टचा सेन्सर घ्यायलाच नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. वायर तुटली तर व्होल्टेज सिग्नल शून्य येऊ शकतो किंवा तरंगून कुठलाही आकडा दाखवू शकतो. ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या लूपमध्ये वायर तुटली की प्रवाह ४ च्या खाली जातो आणि प्रोग्रॅमला ते लगेच कळते. लांब वायरीच्या रोधाचाही त्या सिग्नलवर परिणाम होत नाही, कारण मालिकेत जोडलेल्या लूपमध्ये प्रवाह सगळीकडे सारखाच असतो. पुढच्या खरेदीत दाबाचा सेन्सर याच प्रकारचा घ्यावा.

---

शिरोली_देखभाल

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. आज दुपारच्या पाळीत भट्टी बंद असताना काम केले.

सांगितलेली चाचणी आधी केली. सिग्नलचा कोअर सेन्सरच्या शून्याला जोडल्यावर व्हॉल्व्ह बंद असताना ०.०२, एक उघडल्यावर ०.५० आणि दोन्ही उघडल्यावर ०.९८ व्होल्ट आले. सेन्सर जोडलेलाच नसताना मॉड्यूल एक बार दाब दाखवत होते! गेला महिनाभर मी सेन्सरला दोष देत होतो.

त्यानंतर रिकामे कोअर मायनसपासून जंक्शन बॉक्सपर्यंत जोडले. फरक पडला, पण पूर्ण नाही. आता एक व्हॉल्व्ह उघडल्यावर ३.२ चे ३.४५ होतात, पूर्वी ३.७ होत होते. चूक बरोबर निम्मी झाली आहे. वायरचे सर्व स्क्रू पुन्हा घट्ट केले, तरी तेवढीच राहते. हे निम्मे कुठून येते?

---

उद्यमनगर_पॅनेल

चूक बरोबर निम्मी झाली यातच उत्तर आहे. मायनसचा बसबारला जोडलेला जुना जंपर तसाच राहिला असावा.

जंपर असताना आपली नवी वायर मोजणारी वायर उरत नाही. ती जुन्या शून्याच्या वायरीला समांतर असलेली दुसरी शून्याची वायर बनते. दोन्ही ६० मीटर, दोन्ही १ चौरस मिलिमीटर, व्हॉल्व्हचे ०.४२ ॲम्पिअर दोहोंत समान विभागले जातात, व्होल्टेज निम्मे पडते आणि चूकही निम्मी राहते. मायनस एका वेळी एकाच जागी जोडलेले असावे, आणि आपल्या बाबतीत ती जागा पंपघर आहे. जंपर काढावा, परंतु ‘एम’ टर्मिनल बसबारला जोडलेले राहू द्यावे. ‘एम’विषयी नीट समजावून सांगणारे इथे आहेत; त्यांनी लिहावे.

---

मोजमाप_शिक्षक

मी कोल्हापुरात पदविका अभ्यासक्रमाला उपकरणशास्त्र शिकवतो. ‘एम’चा प्रश्न विद्यार्थ्यांनाही सर्वांत जास्त अडतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डिफरन्शियल इनपुट फक्त फरक पाहते, हे अर्धे सत्य आहे. ते फरक पाहते, पण दोन्ही टर्मिनल त्याच्या स्वतःच्या संदर्भापासून एका ठरावीक मर्यादेच्या आत असतील तरच. पंचगंगेवर दोन ठिकाणच्या पातळीतला फरक मोजायचा झाला तर दोन्ही मोजपट्ट्या पाण्यात हव्यात. पाणी पट्टीच्या टोकाच्याही वर गेले तर वजाबाकी करून उपयोग नसतो. प्लस आणि मायनस दोहोंवर सारखेच चढलेले जे व्होल्टेज असते त्याला कॉमन-मोड व्होल्टेज म्हणतात, आणि प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीपत्रकात त्याची मर्यादा दिलेली असते. उदाहरणार्थ, सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेतील एसएम १२३१ मॉड्यूलमध्ये सिग्नल आणि कॉमन-मोड मिळून होणारे व्होल्टेज +१२ व्होल्टपेक्षा कमी आणि −१२ व्होल्टपेक्षा जास्त असले पाहिजे. आपल्याकडे सिग्नल कमाल १० आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतानाचे कॉमन-मोड सुमारे १, म्हणजे ११. एवढ्या मर्यादेच्या मॉड्यूलमध्ये हे बसते, पण फार मोकळी जागा उरत नाही. म्हणून व्हॉल्व्हचा पुरवठा वेगळा करण्याची वरील सूचना मायनसची वायर नीट झाल्यावरही करण्यासारखी आहे.

आता ‘एम’. हे मॉड्यूलच्या मोजणाऱ्या भागाच्या संदर्भाचे टर्मिनल आहे. मॉड्यूलचा ॲनालॉग भाग पुरवठ्यापासून विलग असेल आणि ‘एम’ कुठेच जोडले नसेल, तर तो सर्व भाग सेन्सरच्या मानाने अधांतरी राहतो. इनपुटच्या ॲम्प्लिफायरला अगदी सूक्ष्म का होईना, बायस प्रवाह लागतो. त्याला परतीचा मार्ग मिळाला नाही तर टर्मिनलचे व्होल्टेज हळूहळू सरकत मर्यादेबाहेर जाते. आपण सुरुवातीला मायनस मोकळे ठेवले तेव्हा ३ चे ९ बार होत होते, ते यामुळेच. मोकळे इनपुट म्हणजे शून्य नव्हे. ते जवळच्या वायरींतून, आधी वाचलेल्या चॅनेलमधून, आपल्या हातातूनही विद्युतभार उचलते. म्हणून ‘एम’ पॅनेलमध्ये, सेन्सरना पुरवठा देणाऱ्या एसएमपीएसच्या शून्याला एकदाच जोडावे. न वापरलेल्या चॅनेलचे प्लस आणि मायनस एकमेकांना जोडून ‘एम’ला न्यावेत.

आपला सेन्सर पुरवठ्याच्या शून्यामार्गे ‘एम’शी आपोआप जोडला जातो. जो सेन्सर कशालाच बांधलेला नसतो, जसे बॅटरीवरचा, स्वतंत्र विलग पुरवठ्यावरचा किंवा आवरणापासून अलग असलेला थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडातून तापमान मोजणारा सेन्सर), त्याला संदर्भ आपल्याला द्यावा लागतो. अशा वेळी मायनस आणि ‘एम’ यांच्यामध्ये १० ते १०० किलोओहमचा रोधक लावण्याची पद्धत आहे. सेन्सरचा स्वतःचा रोध मोठा असेल तर प्लसलाही तेवढाच रोधक लावून दोन्ही बाजू समतोल ठेवतात.

हा रोधक आपल्यालाही वेगळ्या कारणाने उपयोगी पडेल. उद्या पंपघरात मायनसची वायर सैल झाली तर मायनस पुन्हा मोकळे होईल आणि रीडिंग भटकू लागेल. मायनस आणि ‘एम’मध्ये १० किलोओहम असल्यास ते भटकणार नाही, फार तर आपली जुनी अर्ध्या बारची चूक परत येईल. वायर शाबूत असताना या रोधकातून अर्ध्या व्होल्टला ५० मायक्रोॲम्पिअर वाहतात आणि १.१७ ओहमच्या वायरीत त्यामुळे पडणारे व्होल्टेज ०.०६ मिलिव्होल्टच्याही आत राहते. जंपर आणि रोधक यांतला फरक एवढाच आहे की जंपर शून्याला ओढून आणतो आणि रोधक त्याला फक्त हाताशी ठेवतो.

भट्टी चालू असतानाच्या थरथरीबद्दल सांगण्यापूर्वी मला दोन गोष्टी हव्या आहेत. शील्ड दोन्ही टोकांना कशाला जोडली आहे? आणि पंपघरातील पाइप व पॅनेलची अर्थबार यांच्यात, शील्ड सोडवून, मल्टिमीटरवर किती एसी व्होल्ट येतात?

---

गूळहंगाम

मध्येच विचारतो, क्षमा असावी. पण माझाही प्रश्न मायनसचाच आहे. आमचे पन्हाळा तालुक्यात गुऱ्हाळ आहे. काहील उतरवण्याची वेळ गुळव्या अनुभवाने ठरवतो आणि ती बरोबरच असते, पण नवीन मुलांना शिकवताना आकडा समोर असावा म्हणून मी काकवी घट्ट होतानाचे तापमान नोंदवू इच्छितो. साधारण ११८ अंशांच्या आसपास काहील उतरते. एडीएस १११५ ही व्होल्टेज मोजणारी चार इनपुटची चिप आहे आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा कंट्रोलर आहे. सेन्सर म्हणून एलएम ३५ किंवा के प्रकारचा थर्मोकपल, असे दोन पर्याय हाताशी आहेत. काय वापरावे आणि कसे जोडावे?

---

मोजमाप_शिक्षक

दादा, एलएम ३५ बाजूला ठेवा. त्याचा जो ‘डी’ प्रकार बाजारात सहज मिळतो तो १०० अंशांपर्यंतचाच आहे, आणि आपल्याला नेमके त्यापुढचेच अंश हवे आहेत. के थर्मोकपल घ्या, तोही टोक आवरणाला न जोडलेला, म्हणजे अलग प्रकारचा.

एडीएस १११५ मध्ये दोन-दोन इनपुट जोडून डिफरन्शियल मोजता येते, मात्र कुठलेही इनपुट तिच्या ग्राउंडच्या ०.३ व्होल्ट खाली किंवा पुरवठ्याच्या ०.३ व्होल्ट वर जाता कामा नये. डिफरन्शियल या शब्दाने इथे फसगत होते. पीएलसी मॉड्यूल जे १२ व्होल्टपर्यंत सहन करते ते ही चिप करत नाही. थर्मोकपलचे टोक आवरणाला जोडलेले असेल तर ते काहिलीमार्गे चुलवाणाशी आणि जमिनीशी जोडले जाते. दुसरीकडे दोन पिनच्या चार्जरचे ग्राउंड गळतीच्या प्रवाहाने तरंगत असते. मग त्या दोहोंतला फरक थेट चिपच्या इनपुटवर येतो. अलग टोकाचा थर्मोकपल घेतला, त्याचे मायनस चिपच्या ग्राउंडला सरळ जोडले आणि त्याच जागेवरून मायनस इनपुटला वायर नेली की हा प्रश्न उरत नाही. आपण मोजणार ते काही मिलिव्होल्टच आहेत. के थर्मोकपल अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो, आणि चिपची सर्वांत बारीक श्रेणी, ±०.२५६ व्होल्टची, एका पायरीला ७.८ मायक्रोव्होल्ट मोजते. म्हणजे पाव अंशापेक्षाही बारीक दिसेल. थर्मोकपलच्या वायरी चिपजवळ जिथे संपतात तिथले तापमान मात्र वेगळे मोजून मिळवावे लागेल, आणि चुलवाणाच्या धगीपासून ती जागा लांब ठेवावी लागेल. एलएम ३५ त्या कामाला जरूर वापरा.

---

शिरोली_देखभाल

उद्यमनगरचे साहेब म्हणाले तेच निघाले. दाबाच्या चॅनेलचा जंपर मी काढला असे मला वाटत होते, पण बसबारच्या मागून एक वायर जोडलेली राहिली होती. ती काढल्यावर एक, दोन, कितीही व्हॉल्व्ह उघडले तरी ३.२ चे ३.२ राहतात. मायनस आणि ‘एम’मध्ये १० किलोओहमही लावले. मग पंपघरातली मायनसची वायर मुद्दाम सोडवून पाहिली, तेव्हा रीडिंग भटकले नाही, फक्त व्हॉल्व्हबरोबर अर्धा बार हलले.

आपण विचारलेली मोजणी केली. शील्ड पॅनेलमध्ये अर्थबारला आहे आणि पंपघरातही सेन्सरच्या धातूच्या आवरणाला, म्हणजे पर्यायाने पाइपला, जोडलेली आहे. शील्ड पंपघरात सोडवून पाइप आणि अर्थबारमध्ये मोजले तर भट्टी चालू असताना १.८ व्होल्ट एसी येतात. भट्टी बंद असताना ०.२. शील्ड सोडवलेली होती तेवढा वेळ थरथर निम्म्याहून कमी झाली होती हेही दिसले.

आणखी एक विचारायचे राहिले. तापमानाच्या ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या ट्रान्समीटरला दोनच वायरी आहेत. त्यालाही मायनस पंपघरात न्यायचे का?

---

गोकुळ_शिरगाव_ऑटोमेशन

नाही. हा नियम करंट लूपला लावू नये. दोन वायरच्या ट्रान्समीटरला एसएमपीएसचा +२४ ट्रान्समीटरच्या प्लसला जातो, ट्रान्समीटरच्या मायनसमधून निघालेला प्रवाह मॉड्यूलच्या प्लसमध्ये शिरतो, मॉड्यूलच्या आतल्या रोधकातून जाऊन मायनसमधून बाहेर पडतो आणि तिथून पॅनेलमधील शून्याला परततो. इथे मायनसमधून खरा प्रवाह वाहतो, म्हणून त्याची जागा पॅनेलमधील बसबारवरच आहे. मॉड्यूल फक्त व्होल्टेज मोजणारे असेल तर प्लस आणि मायनसच्या टर्मिनलवरच २५० ओहमचा अचूक रोधक लावावा; १ ते ५ व्होल्ट मिळतील. रोधक पंपघरात लावू नये, नाहीतर लूपचा सगळा फायदा जातो.

---

मोजमाप_शिक्षक

शील्डचे उत्तर आपल्या मोजणीतच आले आहे. पाइपची अर्थ आणि पॅनेलची अर्थ यांत १.८ व्होल्टचा फरक असताना शील्ड दोन्ही टोकांना बांधली की तिच्यातून प्रवाह वाहू लागतो, आणि तो शेजारच्या कोअरमध्ये व्होल्टेज उत्पन्न करतो. शील्ड फक्त पॅनेलमध्ये अर्थबारला ठेवावी, पंपघराच्या टोकाला कापून नीट टेप करावी. सेन्सरच्या जोडणीतून ती आवरणाला पुन्हा टेकत नाही ना, हे मल्टिमीटरने तपासावे. उच्च वारंवारितेच्या गोंगाटासाठी शील्ड दोन्हीकडे जोडणे चांगले असते, हेही खरे आहे, आणि व्हीएफडीपासून (मोटारचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हपासून) मोटारपर्यंतच्या केबलला तसेच जोडतात. मोजमापाच्या केबलवर दोन्ही साधायचे असेल तर दुसरे टोक छोट्या कॅपॅसिटरमधून अर्थला न्यावे. त्यातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह जवळजवळ जात नाही.

आता १.८ व्होल्टच्या परिणामाचा अंदाज घेऊ. मॉड्यूलची कॉमन-मोड नाकारण्याची क्षमता ५० हर्ट्‌झला ६० डेसिबल असेल तर हजारात एक भाग आत येतो, म्हणजे १.८ मिलिव्होल्ट, आपल्या १० बारच्या मापावर ते दिसणारही नाही. मात्र प्लस आणि मायनस या दोन्ही वायरी सारख्या असतील तरच ही क्षमता हाती लागते. सिंगल-एंडेड सेन्सर इथेच कमी पडतो: त्याच्या सिग्नल टोकाला स्वतःचा काही रोध असतो आणि शून्याच्या टोकाला जवळपास काहीच नसतो. त्यामुळे गोंगाट दोन वायरींवर सारखा चढत नाही आणि वजाबाकीत थोडा उरतो.

उपाय साधा आहे. मॉड्यूलजवळ प्लस आणि मायनस दोन्ही वायरींत मालिकेत १-१ किलोओहम लावावेत आणि त्यांच्या पुढे, मॉड्यूलच्या टर्मिनलवर, दोहोंमध्ये १ मायक्रोफॅरडचा ध्रुवता नसलेला कॅपॅसिटर लावावा. सेन्सरच्या लहानशा रोधाची विषमता त्यापुढे नगण्य होते आणि सुमारे ८० हर्ट्‌झच्या वरचे सर्व दबते. मध्यम वारंवारितेच्या भट्टीचा गोंगाट शेकडो हर्ट्‌झचा असल्याने तो चांगलाच कमी होईल. मॉड्यूलचा इनपुट रोध काही मेगाओहम असेल तर या रोधकांनी मापनात फरक पडत नाही. तो लाखभर ओहमच असेल तर मात्र २ टक्क्यांची चूक येईल, म्हणून आधी माहितीपत्रक पाहावे. ‘एम’कडे जाणारा आपला १० किलोओहमचा रोधक या १ किलोओहमच्या आधी, केबलच्या बाजूला असावा, पुढे लावला तर दोघांत व्होल्टेज विभागले जाऊन नवी चूक येईल.

केबल कधी बदलाल तेव्हा दोन पिळलेल्या जोड्यांपैकी सिग्नल आणि त्याचे मायनस एकाच जोडीत जाईल असे पाहावे. सिग्नलची जोडी २४ व्होल्टबरोबर लावलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. पीळ असतो, पण ज्या दोन वायरींची वजाबाकी होते त्याच एकत्र पिळलेल्या नसतात.

---

शिरोली_देखभाल

शील्ड पंपघरात कापून टेप केली, सेन्सरच्या आवरणाशी ती कुठे टेकत नाही हे तपासले. माहितीपत्रकात मॉड्यूलचा इनपुट रोध ९ मेगाओहम आहे, त्यामुळे दोन्ही वायरींत १-१ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडही लावले. १० किलोओहम केबलच्या बाजूलाच आहे. काल रात्रीच्या पाळीत भट्टी पूर्ण पॉवरवर असताना रीडिंग ३.१९ ते ३.२१ च्या मध्ये राहिले. व्हॉल्व्हसाठी स्वतंत्र दोन कोअर ओढण्याचे काम पुढच्या रविवारी घेतले आहे, आणि ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या दाबाच्या सेन्सरची मागणी नोंदवली आहे. तो बसेपर्यंत इंटरलॉक जुन्या प्रेशर स्विचवरच ठेवणार आहे. ॲनालॉग रीडिंगवर सध्या फक्त अलार्म राहील.